घरात घातलेला पैसा

बऱ्हाणपुरात घराची रजिस्ट्री करायची म्हटलं की आधी गाइडलाइन पाहतात. महाराष्ट्रात ज्याला रेडीरेकनर म्हणतात, तेच हे मध्य प्रदेशातलं कोष्टक. वॉर्ड, कॉलनी आणि रस्ता यांप्रमाणे भूखंडाचा दर, आणि पुढे बांधकामाचे मोजके रकाने: आरसीसी, आरबीसी, टिनशेड, कवेलूचं कच्चं घर. एवढ्यावर सरकारी किंमत निघते. इटालियन मार्बल, मॉड्युलर किचन, पीओपीचं छत यांच्यासाठी त्यात रकाना नाही. बाजारातला भाव कोष्टकापेक्षा वेगळा असतो हे खरं, पण घर पाहायला आलेलं गिऱ्हाईकही साधारण याच क्रमाने विचारतं. जागा कोणत्या भागात, समोरचा रस्ता किती फुटी, कागद कसे आहेत, बांधकाम किती वर्षांचं. छताच्या नक्षीकडे त्याची नजर जाते ती त्यानंतर.

हे आधीच सांगितलं, कारण "घरात घातलेला पैसा कुठे जात नाही" हे वाक्य आपल्याकडे फार विश्वासाने बोललं जातं. केळीची पट्टी हातात पडली, लूमच्या धंद्यात चार पैसे सुटले किंवा घरात लग्न ठरलं की घराचं काम निघतं. त्यासाठी सोनं तारण जातं, बँकेकडून टॉप-अप कर्ज घेतलं जातं. मनातला हिशोब असा असतो की आठ लाख घातले म्हणजे घर आठ लाखांनी महाग झालं. तसं होत नाही. काही खर्च घर वाचवतो, काही खर्च राहणाऱ्यांना सुख देतो, आणि किंमत वाढवणारा खर्च त्यात फार थोडा असतो. ज्यांची कमाई पावसावर आणि सुताच्या भावावर चढते-उतरते, अशा घरांना ही गल्लत कित्येक वर्षं हप्त्यांच्या रूपाने फेडावी लागते.

घराची किंमत दोन गोष्टींची मिळून बनते. एक जमीन, दुसरं बांधकाम. जमिनीचा भाव वस्ती वाढते तसा सहसा चढतो, बांधकाम मात्र दरवर्षी म्हातारं होतं. बँकेचा व्हॅल्युअर हे गणित कसं मांडतो ते पाहू. समजा हजार चौरस फुटांचा प्लॉट आहे, त्यावर हजार चौरस फुटांचं वीस वर्षांचं आरसीसी घर. जमिनीचा भाव फुटाला 2,200 रुपये धरला तर जमीन झाली 22 लाखांची. तेवढंच घर आज नवं बांधायला फुटाला 1,800 प्रमाणे 18 लाख लागतील. आरसीसी घराचं आयुष्य साधारण 60 वर्षं धरतात आणि शेवटी 10 टक्के भंगारमूल्य उरेल असं मानतात. म्हणजे 60 वर्षांत 90 टक्के घसारा, वीस वर्षांत 30 टक्के. 18 लाखांतून 5 लाख 40 हजार गेले, उरले 12 लाख 60 हजार. जमीन मिळवली की 34 लाख 60 हजार. फर्निचर, पॅनलिंग, सजावट यांचं आयुष्य व्हॅल्युअर याहून बरंच कमी धरतो. दहा वर्षांपूर्वीच्या लाकूडकामाला तो जवळपास काहीच देत नाही.

आता याच घरात मालकाने 12 लाखांचं इंटिरियर केलं असं धरा. त्याच्या हिशोबाने घर 46 लाखांच्या पुढे गेलं. पण गल्लीतली बाकीची घरं 35 ते 38 लाखांत विकली जात असतील, तर ज्याच्याकडे 46 लाख आहेत तो या गल्लीत येतच नाही. तेवढ्या पैशांत त्याला रुंद रस्त्यावरच्या नव्या कॉलनीत घर मिळतं. प्रत्येक गल्लीच्या भावाला एक छत असतं. त्या छतापर्यंत घर सुधारलं तर पैसे वसूल होण्याची आशा असते, त्याच्या वर गेलेला रुपया दुसऱ्याच्या हातात पडत नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही आपली म्हण अशाच व्यवहारासाठी आहे. म्हणून काम काढण्याआधी गल्लीत गेल्या दोन-तीन वर्षांत झालेल्या रजिस्ट्र्यांचे खरे आकडे विचारून घ्यावेत. त्यांतला सगळ्यात वरचा आकडा काढावा. आपल्या घराचा आजचा भाव आणि नियोजित खर्च यांची बेरीज त्याच्या पुढे जात असेल, तर तो पुढचा भाग हौसेचा म्हणून मोजावा.

अमेरिकेत घरदुरुस्तीचा खर्च आणि घर विकताना त्यातला वसूल होणारा भाग यांची तुलना करणारा अहवाल दरवर्षी निघतो. गेल्या काही वर्षांत त्यात गॅरेजचं दार बदलणं आणि पुढचं पोलादी दार बसवणं ही साधी कामं वर आहेत, तर सगळ्यात महागडं नवं स्वयंपाकघर निम्माही खर्च परत देत नाही. तिथले आकडे इथे लागू करण्यात अर्थ नाही, पण कारण दोन्हीकडे एकच आहे. महागडं काम मालकाच्या आवडीचं असतं आणि घेणाऱ्याची आवड वेगळी असते. आपल्याकडे तर नवा मालक वास्तू पाहून आधी ओटाच फिरवतो. अडीच लाखांचं ग्रॅनाइट आणि ट्रॉल्या त्या दिवशी बाहेर निघतात.

मग चांगलं स्वयंपाकघर करूच नये का? जरूर करावं. जी बाई दिवसाचे पाच-सहा तास ओट्यापाशी उभी राहते, तिच्या उंचीचा ओटा, हाताशी येणारं कपाट, धूर बाहेर फेकणारी चिमणी या गोष्टींना विक्रीच्या भावात मोजणं हाच अन्याय आहे. तीन लाखांचं स्वयंपाकघर वीस वर्षं वापरलं तर रोजचे 41 रुपये पडतात. घरातल्या सगळ्यांसाठी रोज 41 रुपये परवडतात का, हा प्रश्न सरळ आहे आणि बहुतेकांचं उत्तर हो असेल. फक्त त्याला खर्च म्हणावं. गुंतवणूक म्हणून त्यावर कर्ज काढलं की घोटाळा सुरू होतो. दोन-चार वर्षांत घर विकून इंदूरला किंवा जळगावला जायचं असेल, तर हाच हिशोब उलटा पडतो.

बांधकामातला पहिला रुपया कुठे घालावा याबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. तो जमिनीलगत आणि छतावर घालावा.

बऱ्हाणपूर तापीकाठचं गाव. मुमताजमहल 1631 मध्ये इथेच वारली आणि तिला आधी पलीकडच्या जैनाबादेत आहुखान्याच्या बागेत पुरलं होतं. ताजमहाल इथेच व्हायचा होता, पण तापीकाठची माती तो भार पेलणार नाही आणि वाळवी फार, म्हणून तो आग्र्याला गेला, असं गावात आजही सांगतात. दंतकथा असेल. पण घर बांधणाऱ्याने ती लक्षात ठेवावी, कारण तापीच्या खोऱ्यातली काळी माती खरोखरच अवघड आहे. या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. शेतात मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्याच भेगा घराच्या पायाखालीही पडत असतात. घराचा एक कोपरा ओल्या मातीवर आणि दुसरा सुक्या मातीवर असला की पाया असमान खचतो किंवा उचलला जातो, आणि दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर वर चढते.

अशी चीर दिसली की आपण पुट्टी भरून रंग लावतो. पुढच्या पावसाळ्यानंतर ती पुन्हा तिथेच उमटते. त्याआधी एक साधी तपासणी करावी. जुने गवंडी ती करायचे. काचेची एक पातळ पट्टी घ्यायची, चिरेवर आडवी ठेवायची, दोन्ही टोकं सिमेंटच्या दोन छोट्या गोळ्यांनी भिंतीला पक्की करायची आणि शेजारी पेन्सिलीने तारीख लिहायची. चिरेची वरची-खालची टोकं जिथे संपतात तिथेही खूण करायची. एक पूर्ण वर्ष, म्हणजे एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्यायचा. काच शाबूत असेल तर चीर जुनी आहे, भरून टाकायला हरकत नाही. काच तडकली तर भिंत अजून हलते आहे. अशा वेळी रंगाचे पैसे खिशात ठेवून स्ट्रक्चरल इंजिनियरला बोलवावं. त्याची फी त्या रंगकामाच्या मानाने किरकोळ असते.

बऱ्याचदा उपायही फार महाग नसतो. काळी माती त्रास देते ती ओल बदलल्यामुळे, म्हणून ओल एकसारखी ठेवायची. जोत्याभोवती मीटरभर रुंदीचा, बाहेर उतार दिलेला कोबा करावा. गच्चीचं पाणी पायाशी न सोडता पाइपने नाल्यात न्यावं. भिंतीलगतची गळकी पाइपलाइन आणि चेंबर दुरुस्त करावं, पायाला चिकटून लावलेलं मोठं झाड असेल तर त्याचा विचार करावा. नवीन खोली काढायची असेल तर जुन्या घराच्या पायाची खोली विचारून घ्यावी आणि दोन बांधकामांमध्ये सांधा सोडावा, कारण जुना आणि नवा पाया एका गतीने बसत नाहीत. खोल काळ्या मातीसाठी रुडकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने अंडररीम्ड पाइल ही पद्धत विकसित केली. खाली फुगीर घेर असलेले काँक्रीटचे खांब साडेतीन मीटर किंवा अधिक खोल नेतात, म्हणजे ज्या थरात ऋतूप्रमाणे ओल बदलते त्याच्या खाली. दोन मजले चढवायचे असतील तर हा खर्च एलिव्हेशनच्या आधी धरावा. वाळवीचं औषधही फरशी बसवण्याआधी जमिनीत आणि जोत्यात मारून घ्यावं. फरशी घातल्यावर तेच काम दर फुटावर भोकं पाडून करावं लागतं.

छताचंही तसंच. स्लॅबला ओल धरली की आतली सळई गंजते, गंज लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा घेतो आणि खालचं काँक्रीट पोपडे होऊन सुटतं. त्या पोपड्याखाली फॉल्स सीलिंग लावलं तर वर काय चाललंय ते वर्षानुवर्षं कळत नाही. गच्चीवर शंभराला एक तरी उतार असावा, पाणी जिथे साचतं तिथे खडूने वर्तुळ काढावं आणि मिस्त्रीला तेच दाखवावं. ब्रिकबॅट कोबा करणार असाल तर स्लॅब तेवढं वजन पेलेल का, हे आधी विचारावं. वरचा थर पांढरा असेल, मग तो चायना मोझॅक असो की साधा चुन्याचा लेप, तर ऊन परत फेकलं जातं. मे महिन्यात पारा चाळिशीच्या बराच वर असताना वरच्या मजल्याची खोली काही अंशांनी थंड राहते. चुन्याचा लेप दर वर्षी-दोन वर्षांनी द्यावा लागतो, पण तो हजारांत होतो.

परकोटाच्या आतल्या घरांची गोष्ट निराळी. निजामुल्मुल्क आसफजाहने 1731 मध्ये बांधलेला विटांचा परकोट आणि त्याचे दरवाजे अजून काही ठिकाणी उभे आहेत, आणि त्यांच्या आतल्या पेठांत चुन्यात बांधलेली, सागवानी खांब-तुळयांची जुनी घरं अजून आहेत. या भिंती जमिनीतली ओल वर ओढतात आणि चुन्याच्या गिलाव्यातून हळूहळू बाहेर सोडतात. त्यांवर सिमेंटचा गिलावा चढवला, त्यावर टाइल लावली, की ओलीला बाहेर पडायची वाट राहत नाही. ती भिंतीत आणखी वर चढते, लोणा धरतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत नवा गिलावा ढलप्यांनी सुटतो. मग पुन्हा सिमेंट. या चक्रात लाखो रुपये गेलेले दिसतात. अशा भिंतीचा सुटलेला भाग खरवडून चांगल्या मुरवलेल्या चुन्याचाच गिलावा करावा, आणि त्याआधी पायाशी साचणाऱ्या पाण्याचा निचरा करावा. चुन्याचं काम जाणणारे कारागीर कमी उरलेत, मजुरी जास्त पडते, पण काम टिकतं. अरुंद गल्लीत ट्रॅक्टर शिरत नाही, वीट-वाळू डोक्यावरून न्यावी लागते, तो खर्च अंदाजपत्रकात वेगळा लिहावा. जोडभिंत असेल तर शेजाऱ्याशी बोलणं कामाआधी करावं.

न दिसणाऱ्या जागी घातलेला पैसा किती काळ पुरतो याचा मोठा दाखला याच गावात जमिनीखाली आहे. जहांगीराच्या काळात, खानखानान अब्दुर्रहीमच्या कारकिर्दीत, 1615 च्या सुमारास तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी भूगर्भतज्ज्ञाने सातपुड्याकडून तापीकडे झिरपणारं पाणी जमिनीखालच्या भुयारांत पकडलं आणि कुंड्यांच्या मालिकेतून नुसत्या उतारावर शहरात आणलं. तोच कुंडी भंडारा. ना मोट, ना पंप. चारशे वर्षांनंतरही त्यातून पाणी वाहतं, आणि मार्च 2024 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारशाच्या यादीत त्याचं नाव गेलं. त्याच काळात नदीकाठच्या शाही किल्ल्यात कितीतरी महाल सजले. त्यांतला हमामखाना आणि त्याच्या छतावरचं चित्रकाम सोडलं तर फार थोडं धड उरलं आहे. घराच्या पातळीवर हाच न दिसणारा खर्च म्हणजे पाणी, सांडपाणी आणि वीज. वीस वर्षांपूर्वीच्या वायरिंगवर आज दोन एसी, गिझर आणि इंडक्शन चालतं. आधी अर्थिंग, योग्य एमसीबी आणि नव्या वायरी, मग टाइल. उलट क्रमाने केलं तर नवीकोरी टाइल फोडावी लागते. बऱ्हाणपूर जिल्हा जुलै 2022 मध्ये देशातला पहिला प्रमाणित 'हर घर जल' जिल्हा ठरला, 254 गावांत नळ पोचले. ज्या घरात आता नळ आहे पण न्हाणीघर अजून अंगणात आडोशाला आहे, तिथे आतलं न्हाणीघर आणि संडास बांधणं हा बायकांच्या सोयीचा आणि घराच्या भावाचाही सगळ्यात चांगला खर्च आहे.

लूमच्या घरांबद्दल थोडं. विणकरांच्या वस्तीत खालच्या मजल्यावर पॉवरलूम आणि वर संसार ही रीत आहे. तिथे किंमत ठरते ती लूमची खोली, थ्री-फेज कनेक्शन आणि माल चढवायला-उतरवायला जागा यांवर. त्या वस्तीत बैठकीच्या खोलीचं पीओपी कुणी विचारत नाही. मात्र लूमचा हादरा रात्रंदिवस भिंतींना बसतो, म्हणून लूमखालचा काँक्रीटचा पाया भिंतीच्या पायापासून सुटा ठेवणं आणि मधे रबराचे पॅड घालणं ही कामं घराच्या दुरुस्तीतच धरावीत. धंद्याचा खर्च आणि घराचा खर्च वेगळ्या वह्यांत लिहावा.

भाव खरोखर वाढवणारा एक खर्च विटा-सिमेंटचा नाहीच. तो कागदांचा आहे. शहराबाहेर शेतावर पडलेले कितीतरी प्लॉट डायव्हर्शनशिवाय विकले गेले, महाराष्ट्रात ज्याला एनए म्हणतात तेच हे. जुन्या पेठांत वाटणी तोंडी झालेली असते, घर अजून आजोबांच्या नावावर असतं, नामांतरण राहून गेलेलं असतं. वरचा मजला परवानगीशिवाय चढवलेला असतो. अशा घरावर बँक कर्ज देत नाही. मग गिऱ्हाईक उरतं फक्त रोख पैसेवालं, आणि ते भाव पाडून मागतं. डायव्हर्शन, नामांतरण, नोंदणीकृत वाटणीपत्र, मंजूर नकाशा, मालमत्ता कराच्या भरलेल्या पावत्या यांवर लागणारे पैसे आणि हेलपाटे इंटिरियरच्या एका खोलीपेक्षा कमी असतात. कर्ज मिळू शकणारं घर आणि न मिळू शकणारं घर यांच्या भावातला फरक मात्र लाखांत जातो. दुरुस्तीचं अंदाजपत्रक करताना पहिली ओळ हीच लिहावी.

हिशोबात स्पष्ट उत्तर देणारी आणखी एक सुधारणा म्हणजे छतावरची सौरऊर्जा. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत केंद्राचं अनुदान एका किलोवॅटला 30,000, दोनला 60,000 आणि तीन किंवा त्याहून अधिक किलोवॅटला 78,000 रुपये आहे. एक किलोवॅट दिवसाला साधारण चार युनिट देतो आणि शंभरेक चौरस फूट मोकळी गच्ची मागतो. बिल मोठं येतं त्या घराने हे जरूर करावं, पण गच्चीचं वॉटरप्रूफिंग आधी. पॅनल बसल्यावर त्याखाली कोबा करता येत नाही.

राहिला पैसा उभा करण्याचा आणि कराचा भाग. जुनं घर उघडलं की न दिसलेलं काम निघतंच, म्हणून अंदाजाच्या वर पंधरा-वीस टक्के हातात ठेवूनच काम सुरू करावं. ठेकेदाराला पैसे कामाच्या टप्प्यांप्रमाणे द्यावेत. घराची देखभाल म्हणून नवं बांधायला आज लागेल त्या रकमेचा एक टक्का दरवर्षी बाजूला काढावा, वरच्या उदाहरणातल्या घराला ते 18,000 रुपये होतात. एवढी सवय लागली तर मोठी दुरुस्ती अंगावर येत नाही. कर्ज काढलंच तर स्वतः राहत्या घराच्या दुरुस्ती-कर्जावरच्या व्याजाला जुन्या करपद्धतीत वर्षाला 30,000 रुपयांपर्यंत वजावट मिळते.

घर विकताना भांडवली नफ्यातून सुधारणेचा खर्च वजा करता येतो, पण तो भांडवली स्वरूपाचा हवा: चढवलेला मजला, वाढवलेली खोली, नवा स्लॅब. रंगरंगोटी आणि किरकोळ दुरुस्ती त्यात येत नाही. 1 एप्रिल 2001 च्या आधीचा खर्चही मोजला जात नाही, त्याऐवजी त्या तारखेचा बाजारभाव धरता येतो. 23 जुलै 2024 पासून दीर्घकालीन नफ्यावर महागाई निर्देशांकाविना साडेबारा टक्के कर लागतो. त्याआधी घेतलेल्या जमीन-घरासाठी निवासी व्यक्तीला आणि हिंदू अविभक्त कुटुंबाला निर्देशांकासह 20 टक्क्यांचा हिशोब करून, कमी येईल तो कर भरण्याची मुभा आहे. वारशाने आलेल्या घरात वडिलांनी केलेला सुधारणेचा खर्चही धरला जातो. वडिलांनी 2008 साली वरचा मजला चढवला असेल, तर त्याचा मंजूर नकाशा, सिमेंट-सळईची बिलं, ठेकेदाराची पावती आणि त्या वर्षाचं पासबुक माळ्यावरच्या पेटीतून आत्ताच काढून एका फाइलीत लावावं, आणि ती फाइल कुठे आहे हे घरातल्या दोघांना तरी सांगून ठेवावं.